पीपीसीएल शिकून पहिला एएचयू चालू करेपर्यंतचे माझे ९१ दिवस

पीपीसीएल म्हणजे मोठ्या इमारतीची एसी यंत्रणा चालवणाऱ्या पॅनलची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि एएचयू म्हणजे हवा थंड करून खोल्यांत सोडणारं एअर हँडलिंग युनिट. हे लिहायला बसलेय कारण जानेवारीत मी अशाच एखाद्या अनुभवासाठी खूप शोधाशोध केली होती आणि मला फक्त मॅन्युअलची पानं मिळाली. मॅन्युअल उत्तम आहे, पण त्यात कुठली ओळ काय करते ते असतं. चालू बिल्डिंगमध्ये ती ओळ टाकताना हात का थरथरतो आणि तेव्हा काय करायचं, ते त्यात नसतं.

माझी पार्श्वभूमी आधी सांगते. मी सहा वर्षं मेंटेनन्सला होते, म्हणजे बेल्ट बदलणं, फिल्टर, व्हीएफडीचे (पंख्याचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राचे) फॉल्ट, कंट्रोल पॅनलचं वायरिंग. कोडिंग शून्य. ६ जानेवारीला सांगण्यात आलं की बीएमएस (बिल्डिंगची यंत्रणा कॉम्प्युटरवरून चालवणारी सिस्टीम) बघणारे आमचे सीनियर निवृत्त झालेत, नवीन माणूस येईपर्यंत दोन एअर हँडलिंग युनिटचं प्रोग्रॅमिंग तुला नव्याने करायचंय, कारण एनर्जी ऑडिटमध्ये जुन्या प्रोग्रॅमवर शेरे आले होते. मी हो म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही, कारण पंखा बंद पडला तर मला कळतं काय करायचं, पण प्रोग्रॅम चुकला तर काय तुटेल हेच माहीत नव्हतं.

आमच्याकडे पॅनल आहेत त्यात पीपीसीएल चालतं, म्हणजे पॉवर्स प्रोसेस कंट्रोल लँग्वेज. नाव पॉवर्स रेग्युलेटर या जुन्या कंपनीवरून, ती पुढे लँडिस अँड गिअरकडे आणि मग सीमेन्सकडे गेली, त्यामुळे भाषेचं वळण जुनं बेसिकसारखं आहे. प्रत्येक ओळीला नंबर, इफ-देन-एल्स, गोटू, आणि बाकी सगळे शब्द प्लांट रूममधले: ऑन, ऑफ, सेट, लूप, वेट, टेबल, अलार्म, हॉलिडे. मला उलट हे बघून जरा धीर आला, कारण निम्मे शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातलेच होते.

पहिला अडथळा भाषेचा नव्हताच, लॉगिनचा होता. माझ्या नावावर फक्त बघण्याची परवानगी होती, एडिटसाठी वेगळा फॉर्म, त्यावर विभागप्रमुखाची सही, मग आयटीची सही, मग प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा, आणि प्रशिक्षणाची तारीख तर पुढच्या तिमाहीत. शेवटी "निवृत्त सीनियरच्या फोनवरील मार्गदर्शनाखाली" असं एक वाक्य घालून तात्पुरती परवानगी मिळाली, १५ जानेवारीला. नऊ दिवस गेले. तुम्ही यातून जाणार असाल तर पहिल्याच दिवशी हा फॉर्म टाका आणि बघण्याच्या परवानगीवर जेवढं करता येईल तेवढं करून घ्या.

मी त्या नऊ दिवसांत जुन्या प्रोग्रॅमच्या २४० ओळी प्रिंट काढून रंगीत पेनांनी वाचल्या. वाचताना दोन दिवस एकाच गोष्टीवर अडले होते, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं गोटू १०, म्हणजे परत पहिल्या ओळीवर जा. मला वाटलं ही चूक आहे, हे कधी संपणारच नाही. सरांना, म्हणजे त्या निवृत्त सीनियरना, फोन केला तर ते म्हणाले, "अगं, संपायचंच नाहीये त्याला. पॅनल वरून खाली वाचत येतं, खाली पोचलं की परत वर. तू एकदाच दिलेला हुकूम समजू नकोस, तो हुकूम सारखा सारखा दिला जातोय." सगळ्या ९१ दिवसांत मला हे एक वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, आणि तरीही पुढे मी ते विसरले, ते येईलच.

वाचताना कामाला आलेली अजून एक गोष्ट म्हणजे ओळींचे नंबर दहा-दहाच्या टप्प्याने देतात, १०, २०, ३०, मध्ये घुसवायला जागा राहावी म्हणून. जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे २११, २१२, २१३ अशा ओळी दिसल्या तिथे मी लाल गोल केला, कारण तिथे कोणीतरी नंतर ठिगळ लावलंय. सगळ्यात जास्त गोंधळ बरोब्बर त्याच जागी निघाला.

मग आलं सीक्वेन्स ऑफ ऑपरेशन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, युनिटने कधी काय करायचं हे कन्सल्टंट साध्या भाषेत लिहून देतो, आणि प्रोग्रॅम करणारा ते वाचून ओळी लिहितो. आम्हाला मिळालेली तीन पानं मी प्रत्येक वाक्यापुढे "कुठला पॉइंट?" असं लिहीत वाचली (पॉइंट म्हणजे पॅनलला जोडलेली एकेक गोष्ट, सेन्सर, व्हॉल्व्ह किंवा पंखा) आणि १४ प्रश्न निघाले. पंखा बंद झाल्यावर चिल्ड वॉटर व्हॉल्व्ह (थंड पाण्याचा) पूर्ण बंद करायचा का? रिटर्न फॅन (खोल्यांतली हवा परत खेचणारा) सप्लाय फॅनच्या (हवा खोल्यांत ढकलणाऱ्या) किती सेकंद मागे? बाहेरच्या तापमानाचा सेन्सर फेल झाला तर सेटपॉइंट (गाठायचं तापमान) कुठला धरायचा? हे प्रश्न २२ जानेवारीला लेखी पाठवले, उत्तर आलं २ फेब्रुवारीला. अकरा दिवस चिडचिड झाली पण ते कागदावर मागितलं हे बरंच झालं, पुढे मंजुरीच्या वेळी तोच कागद जोडता आला. तोंडी उत्तर घेऊ नका, माणूस चांगला असला तरी.

थोडं विषयांतर, पण मला हे मनापासून वाटतं. बहुतेक घोळ याच ठिकाणी होतात, गद्यातून ओळींत उतरवताना. आता यावर काम चालू आहे याचं मला बरं वाटतं. अॅश्रे या एसी क्षेत्रातल्या अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये गाइडलाइन ३६ काढली, त्यात एएचयू आणि व्हीएव्हीचे (खोलीत सोडायच्या हवेचं प्रमाण बदलणाऱ्या बॉक्सचे) सीक्वेन्स इतके बारकाईने लिहिलेत की शंकेला जागा कमी राहते. आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने सीडीएल म्हणजे कंट्रोल डिस्क्रिप्शन लँग्वेज तयार केलीये, जिच्यात सीक्वेन्सच असा लिहायचा की तो कॉम्प्युटरवर चालवून तपासता येईल. माझ्या टेबलापर्यंत ते यायला वेळ लागेल, पण गाइडलाइन ३६ मधला तापमान रीसेटचा भाग वाचून मला माझे निम्मे प्रश्न सुचले होते हे खरं.

लिहायला दोन आठवडे लागले, सगळं आधी वहीत. टेबल ही आज्ञा मला फार आवडली, तिच्यात जोड्या द्यायच्या आणि मधलं ती स्वतः काढते. बाहेर १६ अंश तर सप्लाय हवेचा सेटपॉइंट १८, बाहेर २१ तर सेटपॉइंट १३, एवढं दिलं की बाहेर साडेअठरा असताना ती साडेपंधरा देते. जुन्या प्रोग्रॅममध्ये हेच काम नऊ इफ लिहून केलेलं होतं, आणि प्रत्येक पायरीवर व्हॉल्व्ह झटका खात होता, ट्रेंडवर (वेळेनुसार आकड्यांच्या आलेखावर) स्पष्ट दिसत होतं.

लूपची मात्र भीती वाटली, म्हणजे तापमान सेटपॉइंटवर आणायला व्हॉल्व्ह सतत कमीजास्त करणाऱ्या आज्ञेची. कंसात बारा गोष्टी द्यायच्या, क्रम चुकला तर पॅनल हूं की चूं करत नाही, चुकीचंच चालवतं. आधी प्रकार, ० म्हणजे डायरेक्ट, तापमान वाढलं की आउटपुट वाढणार, जे कूलिंगला हवं, आणि १२८ म्हणजे रिव्हर्स, हीटिंगसाठी (व्हॉल्व्ह नॉर्मली ओपन असेल तर हे उलटं होतं, म्हणून आधी शिडीवर चढून व्हॉल्व्हवरची पाटी वाचा). मग मोजलेलं तापमान, आउटपुट, सेटपॉइंट, मग तीन गेन (फरकाला किती जोरात प्रतिसाद द्यायचा ते: प्रपोर्शनल आत्ताच्या फरकाला, इंटिग्रल साठलेल्या फरकाला, डेरिव्हेटिव्ह फरक बदलण्याच्या वेगाला), मग किती सेकंदांनी गणित करायचं, मग बायस, खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि शेवटी एक शून्य. गेन हजाराने गुणून लिहितात हे मला माहीत नव्हतं. मला पाच अंशांत व्हॉल्व्ह ० ते १०० टक्के जायला हवा होता, म्हणजे १०० भागिले ५ म्हणजे २०, गुणिले हजार, २०,०००, हा प्रपोर्शनल. इंटिग्रल सरांच्या अंदाजाने त्याच्या दोन टक्के, ४००. डेरिव्हेटिव्ह शून्य. मी आधी नुसतं २० लिहिलं होतं, तसंच गेलं असतं तर व्हॉल्व्ह जवळजवळ हललाच नसता. सरांनी वहीचा फोटो बघून पकडलं.

१६ फेब्रुवारीला चेंज रिक्वेस्ट टाकली. १९ ला परत आली, शेरा होता "रोलबॅक नाही". बरोबर होतं त्यांचं. मी नवीन प्रोग्रॅम कसा टाकणार ते लिहिलं होतं, फसलं तर जुन्यावर कसं परत येणार ते लिहिलं नव्हतं. मग पायऱ्या लिहिल्या: आधी पॅनलचा पूर्ण डेटाबेस अपलोड करून दोन ठिकाणी कॉपी, नवीन प्रोग्रॅम वेगळ्या नावाने आणि सगळ्या ओळी डिसेबल ठेवून, मग जुन्या डिसेबल आणि नव्या एनेबल, आणि काही बिघडलं तर हेच उलट्या क्रमाने, किती मिनिटांत आणि कोण निर्णय घेणार तेही. सोबत हेही लिहून घेतलं की फायर अलार्मचा ट्रिप आणि हाय स्टॅटिकचा स्विच (डक्टमधला दाब फार वाढला की पंखा बंद करणारा) थेट स्टार्टरला वायरने जोडलेत, प्रोग्रॅमवर अवलंबून नाहीत. ते मी फॉर्मसाठी नाही, माझ्या मनःशांतीसाठी स्वतः मीटर लावून तपासलं, आणि त्या दिवसापासून माझी निम्मी भीती गेली. प्रोग्रॅम कितीही चुकला तरी बंद डॅम्परवर (हवेच्या वाटेतल्या झडपेवर) पंखा चालून डक्ट फुटणार नव्हता. २६ फेब्रुवारीला मंजुरी.

२ आणि ३ मार्च पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे एकेक पॉइंट तपासणं. ४६ पॉइंट, एक जण वर्कस्टेशनवर आणि एक जण युनिटपाशी, फोन चालू ठेवून. "व्हॉल्व्ह ५० टक्के देतेय." "हो, अर्ध्यावर आला." असं ४६ वेळा. कंटाळवाणं आहे आणि सगळे म्हणतात जुनेच सेन्सर आहेत, सोडून द्या. सोडू नका. आमच्याकडे मिक्स्ड एअर आणि रिटर्न एअरचे सेन्सर एकमेकांच्या जागी जोडलेले निघाले, किती वर्षं तसेच होते कोण जाणे.

७ मार्चला शनिवारी रात्री दहा ते दोनचं शटडाउन परमिट. अपलोड, बॅकअप, दहा वाजून चाळीस मिनिटांनी नव्या ओळी एनेबल केल्या. डॅम्पर उघडला, त्याचा एंड स्विच (पूर्ण उघडल्याची खूण) आला, सप्लाय फॅन सुरू झाला, माझ्या अंगावर काटा आला. मग ३० सेकंदांनी रिटर्न फॅन सुरू व्हायला हवा होता. नाही झाला. एक मिनिट, दोन मिनिटं, नाही.

मी आधी स्टार्टर बघितला, ठीक होता. मग वर्कस्टेशनवर पॉइंट उघडला तर प्रायॉरिटीच्या रकान्यात ऑपर. म्हणजे कोणीतरी कधीतरी हाताने तो पंखा बंद केला होता आणि रिलीज केलाच नव्हता. या पॅनलमध्ये हुकुमांची उतरंड असते, सगळ्यात खाली नन, ज्यावर साधा प्रोग्रॅम चालतो, मग पीडीएल (विजेची मागणी आवरायला), इमर (आणीबाणी), स्मोक (धूर) आणि सगळ्यात वर ऑपर, माणसाचा हुकूम. प्रोग्रॅमने दिवसभर ऑन म्हटलं तरी वरच्याने ऑफ म्हटलंय तोवर पंखा हलणार नाही. बॅकनेटमध्येही (वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनल ज्या प्रमाणित पद्धतीने एकमेकांशी बोलतात ती) तत्त्व हेच, तिथे १६ पायऱ्या आहेत आणि माणसाचा हाताने दिलेला हुकूम ८ नंबरला. मी पॉइंट रिलीज केला. सुरू करण्याआधी सगळ्या पॉइंटची प्रायॉरिटी एकदा यादी काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, मी ते चेकलिस्टमध्ये नंतर घातलं.

पण रिलीज करूनही रिटर्न फॅन आला नाही. आणि इथे माझी स्वतःची चूक होती. मी नीटनेटकं दिसावं म्हणून २०० नंबरला लिहिलं होतं की सप्लाय फॅन बंद असेल तर गोटू ६००, म्हणजे मधलं सगळं गाळून पुढे जा, उगाच कशाला वाचायचं. आणि त्या मधल्या भागातच वेटची ओळ होती. वेट काय करते तर सप्लाय फॅन बंदवरून चालू होताना बघते आणि तिथून ३० सेकंद मोजते. पण फॅन बंद असताना तर मी ती ओळ वाचूच देत नव्हते. तिने कधी फॅन बंद पाहिलाच नाही, मग तो चालू झाला हे तिला कसं कळणार? हे मला रात्री कळलं नाही हां. रात्री एक वाजता मी रोलबॅक केलं, जुना प्रोग्रॅम चालू केला, परमिट बंद केलं आणि घरी गेले. रडू आलं होतं. पण बिल्डिंग सकाळी नेहमीसारखी चालू झाली, कोणाला कळलंही नाही, आणि ते त्या रोलबॅकच्या पानामुळे.

रविवारी सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "ट्रेस बघितलास?" एडिटरमध्ये प्रत्येक ओळीपुढे खूण येते की पॅनलने ही ओळ वाचली का. सगळ्या खुणा पुसायच्या, एक फेरी होऊ द्यायची, आणि कुठल्या ओळींपुढे खूण परत आली नाही ते बघायचं. मी रात्रीचे स्क्रीनशॉट काढले होते, त्यात सुरुवातीला पंखा बंद असताना २१० ते ५९० कोरे होते. दोन तास डोकं फोडलं ते एका नजरेत दिसलं असतं. वेट, लूप, सॅम्पल, सरासरी काढणारी टिमअॅव्हग, वेळेवर चालणाऱ्या या सगळ्या ओळी प्रत्येक फेरीत वाचल्या गेल्याच पाहिजेत, त्यांच्यावरून गोटूची उडी मारायची नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, मी पेनाने अधोरेखितही केलं होतं.

गोटू काढल्यावर नवीन प्रश्न, मग पंखा बंद असताना लूप चालूच राहणार, आणि बंद युनिटमध्ये तापमान चढलेलं असल्याने इंटिग्रल साठत जाणार, आणि पंखा सुरू होताच व्हॉल्व्ह १०० टक्क्यांवर. शिवाय लूप म्हणणार व्हॉल्व्ह ६० आणि पुढची ओळ म्हणणार पंखा बंद आहे म्हणून व्हॉल्व्ह ०, एका पॉइंटला दोघांचा हुकूम, प्रत्येक फेरीत भांडण. त्यावर दोन गोष्टी केल्या. लूपचं आउटपुट एका व्हर्च्युअल पॉइंटला (वायर नसलेला, फक्त प्रोग्रॅममधला) दिलं आणि खऱ्या व्हॉल्व्हला फक्त एकच ओळ हुकूम देते, पंखा चालू तर लूपचा आकडा, नाहीतर शून्य. आणि पंखा बंद असताना लूपला सेटपॉइंट म्हणून मोजलेलं तापमानच भरवलं, म्हणजे फरक शून्य, साठायला काही नाही. हे दुसरं सरांचं आहे, माझं नाही.

यासाठी चेंज रिक्वेस्ट परत टाकावी लागली, पण जुन्याच नंबरला पुरवणी जोडून, त्यामुळे तीन दिवसांत झाली. बंद पडल्याचं कारण लपवलं नाही, सरळ लिहिलं, आणि कोणी काही बोललं नाही. १४ मार्च, परत शनिवार, परत दहा ते दोन. यावेळी आधी प्रायॉरिटीची यादी, मग ट्रेस पुसून दोन फेऱ्या, एकही ओळ कोरी नाही. दहा पंचवीसला सप्लाय फॅन, ३० सेकंदांनी रिटर्न फॅन. साडेअकराला आम्ही परमिट बंद केलं.

पुढचे दोन दिवस ट्यूनिंग. व्हॉल्व्ह दर चार मिनिटांनी ३० ते ८० असा झुलत होता, एक मिनिटाच्या ट्रेंडवर करवतीसारखी रेघ. एका वेळी एकच आकडा बदला आणि किमान अर्धा तास हात लावू नका, हे जमवणं फार कठीण जातं. मी प्रपोर्शनल २०,००० वरून १०,००० केला, झुलणं बरंच कमी झालं, मग इंटिग्रल २०० केलं तेव्हा रेघ सपाट झाली.

साइन-ऑफसाठी १४ दिवसांचे ट्रेंड मागितले होते, १६ ते २९ मार्च. त्यात मध्ये एक दिवस वर्कस्टेशन बंद असल्याने डेटा गेला, तेवढ्यासाठी मुदत एक दिवस वाढली, म्हणून ट्रेंड पॅनलमध्येच साठतील एवढी मेमरी आहे का ते आधी बघून ठेवा. मग तीन सह्या, ऑपरेशन्स, कन्सल्टंट, आणि सेफ्टी. सेफ्टीवाल्या मॅडमनी वायर केलेल्या ट्रिपची चाचणी स्वतःसमोर परत करायला लावली आणि मला ते आवडलं. शेवटची सही ७ एप्रिलला.

दुसऱ्या युनिटला १९ दिवस लागले, त्यातले ११ कागदांचे.

दोन्ही प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक भागाच्या वर कॉमेंटची ओळ टाकलीये, काय करते हे नाही, का करते हे. २०० नंबरच्या जागी लिहिलंय: "इथे गोटू टाकू नये, खाली वेट आणि लूप आहे, ७ मार्चला रिटर्न फॅन आला नव्हता." पॅनलच्या दाराला आतून प्लास्टिकचा खिसा आहे, त्यात पूर्ण प्रिंटआउट, १४ प्रश्नोत्तरांचा कागद आणि गेनचे आधीचे-नंतरचे आकडे ठेवलेत. नवीन माणूस १ मेला येतोय, त्याच्या एडिट परवानगीचा फॉर्म मी आजच भरून सहीला पाठवलाय.